घराचे वासे खरंच फिरतात!
लोखंडी बीम वाकून पडण्याआधी कूस बदलतो. तो कधी, कुठे आणि कशामुळे वळतो, हे कळलं तर शेड उभी राहते. नाही कळलं तर?

'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' ही म्हण आपण नातेवाइकांसाठी राखून ठेवली आहे. दिवस फिरले की जवळची माणसं तोंड फिरवतात, एवढाच तिचा अर्थ आपल्याला माहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचाराल तर तो म्हणेल, म्हण अगदी खरी आहे, फक्त क्रम उलटा लागलाय. आधी वासा फिरतो, मग घर.

यात कोटी नाही. लोखंडी बीमवर वरून वजन येतं तेव्हा तो खाली वाकेल, अशी आपली समजूत असते. पण उंच, सडपातळ बीम पुष्कळदा खाली वाकून मोडत नाही. तो अचानक बाजूला सरकतो आणि स्वतःभोवती पिळवटतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत याला लॅटरल टॉर्शनल बकलिंग म्हणतात. सांगलीच्या वालचंदमध्ये, कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजमध्ये किंवा राजारामनगरला तुम्ही सिव्हिल करत असाल, तर हा शब्द तुमच्या स्टीलच्या पेपरात येऊन गेला असेल किंवा येणार असेल. आर्ट्स-कॉमर्सचे असाल तरी पान उलटू नका. तुमच्या घरची हळद ज्या गोदामात ठेवलीय, बेदाणा ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहे किंवा तुमचा भाऊ शिरवळच्या ज्या कंपनीत शिफ्ट करतो, त्या सगळ्यांच्या डोक्यावर असले बीम आहेत.

फूटपट्टीची परीक्षा

कंपासमधली प्लास्टिकची लांब पट्टी काढा. ती आडवी धरून मधोमध दाबली तर लगेच वाकते. आता ती कडेवर उभी करा, दोन्ही टोकं दोन मुठींत घट्ट धरा आणि मित्राला वरच्या कडेवर मधोमध बोटानं दाबायला सांगा. पट्टी आता दाद देत नाही. म्हणून तर बीम उभट करतात. पण मित्रानं जोर वाढवला की काय होतं बघा. पट्टी खाली जात नाही. तिची वरची कड एकदम बाजूला पळते आणि पट्टी पीळ खाते.

आता तिसऱ्या मित्राला बोलवा. त्यानं वरची कड मधोमध दोन बोटांच्या चिमटीत नुसती धरायची, उचलायची नाही. पट्टी पुन्हा ताठ होते आणि आधीपेक्षा कितीतरी जास्त जोर सोसते. त्या चिमटीचं नाव ब्रेसिंग. आजचा सगळा लेख त्या दोन बोटांबद्दल आहे.

हे का घडतं? बीम वाकतो तेव्हा त्याच्या एका बाजूचं लोखंड दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूचं ताणलं जातं. दोन टोकांवर टेकवलेल्या साध्या बीमची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. ताणलेली दोरी सरळच राहू पाहते. दाबलेली काडी मात्र बाजूला निसटायची वाट बघत असते. आय आकाराच्या बीमची वरची आडवी पट्टी, म्हणजे फ्लँज, ही अशीच दाबलेली काडी आहे. तिला खाली जाता येत नाही, कारण खाली उभा पत्रा, म्हणजे वेब आहे. मग ती बाजूला पळते. खालची ताणलेली फ्लँज जागची हलायला तयार नसते. वरची पळाली आणि खालची थांबली, की बीम पिळवटणारच.

दाबलेली काडी कधी निसटते, याचं गणित स्विस गणिती ऑयलर यांनी १७४४ मध्ये मांडलं. बीमच्या पिळवटण्याचं गणित सुटायला मात्र १८९९ साल उजाडलं. त्या एकाच वर्षी जर्मनीत लुडविग प्रांटल आणि ऑस्ट्रेलियात अँथनी मिशेल या दोघांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, ते सोडवलं. तोवर हा प्रश्न फारसा डोकं वर काढत नव्हता, कारण जुनी बांधकामं अंगानं भरलेली होती. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला गेलात तर लाकडी तुळयांकडे बघा. जाडजूड, रुंदीला भरपूर. सांगलीचा १९२९ चा आयर्विन पूल तर दगडी कमानींचा. दगड दाबला जातो, पण त्या जाडीचा दगड बाजूला निसटणार कसा? लोखंड आलं, ते सडपातळ झालं, आणि त्याबरोबर ही नवी खोड आली.

एकाच बीमच्या दोन ताकदी

आता आकडे बघू. आयएसएमबी ३०० हा बाजारात सहज मिळणारा बीम. उंची ३०० मिलिमीटर, रुंदी १४०, वजन मीटरला साधारण ४४ किलो. उभा वाकायला तो जितका विरोध करतो, त्याच्या फक्त एकोणिसावा हिस्सा विरोध तो आडवा वाकताना करतो. (टेबलात बघा, एकीकडे ८६०३.६ आणि दुसरीकडे ४५३.९ सेंटिमीटरचा चौथा घात.) म्हणजे एका अंगानं पैलवान आणि दुसऱ्या अंगानं काडीपैलवान. भार वाढला की बीम आपली कमजोर बाजू शोधतो.

आपल्याकडची स्टीलची संहिता म्हणजे आयएस ८००. सध्याची आवृत्ती २००७ ची. तिच्या सूत्रांनी या बीमचा हिशेब केला. साधं २५० ग्रेडचं स्टील आणि पूर्ण लांबीत सारखा मोमेंट, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती धरली. उत्तरं अशी आली:

दाबली जाणारी फ्लँज पूर्ण लांबीत धरून ठेवली असेल तर बीम सुमारे १४८ किलोन्यूटन-मीटर सोसतो.
दर २ मीटरवर धरली तर सुमारे १२८.
दर ३ मीटरवर धरली तर सुमारे १०७.
६ मीटर मोकळी सोडली तर फक्त ५६.

लोखंड तेच, वजन तेच, बिल तेच. पण ताकद १४८ वरून ५६ वर. सहा मीटरच्या मोकळ्या बीमला मधोमध एकच ब्रेस दिला की ५६ चे १०७ होतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

कोणी म्हणेल, मग जास्त ताकदीचं स्टील वापरू. तेही करून बघितलं. २५० ऐवजी ३५० ग्रेड घेतलं, म्हणजे स्टीलची ताकद ४० टक्क्यांनी वाढवली. पूर्ण धरलेला बीम १४८ वरून २०७ वर गेला, ठीक. पण सहा मीटर मोकळा बीम ५६ वरून जेमतेम ५८ वर आला. कारण निसटणं हा स्टीलच्या ताकदीचा प्रश्न नाही, त्याच्या ताठपणाचा आहे आणि ताठपणा दोन्ही स्टीलचा सारखाच. महागडं लोखंड घेऊन जे साधत नाही, ते दोन बोटांच्या चिमटीनं साधतं. कॅल्क्युलेटर घेऊन हा हिशेब स्वतः करून बघा, पेपरात मार्क मिळतील आणि विश्वासही बसेल.

मधल्या खांबावर डाव उलटतो

इथपर्यंत बहुतेकांना समजतं. वर स्लॅब आहे, त्यात बीमची वरची फ्लँज पक्की बसवलेली आहे, म्हणजे दाबलेली बाजू धरलेली आहे, मग काळजी मिटली. साध्या बीमपुरतं हे बरोबर आहे. पण गोदामाचे, पोटमाळ्याचे, पुलाचे बीम अनेकदा साधे नसतात. एकच लांब बीम तीन खांबांवरून सलग जातो. याला कंटिन्युअस बीम म्हणतात. स्टील वाचतं, बीम कमी लचकतो, म्हणून तो सगळ्यांचा आवडता.

गंमत अशी की मधल्या खांबावर डाव उलटतो. दोन गाळ्यांच्या मध्ये बीम वर कमान करतो. तिथं वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. आता पळून जाणारी काडी खाली आहे आणि स्लॅब वर. तुम्ही चिमटीत धरलीय ती कड भलतीच!

दोन सारखे गाळे आणि दोन्हींवर सारखा भार असेल तर गणित स्वच्छ आहे. सगळ्यात मोठा मोमेंट गाळ्याच्या मध्यात नसतो, तो मधल्या खांबावर असतो. तो भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले ८ एवढा, तर गाळ्यातला मोठ्यात मोठा मोमेंट त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. खांबापासून दोन्हीकडे पाव-पाव गाळ्यापर्यंत खालची फ्लँज दाबलेली राहते. सहा मीटरचा गाळा असेल तर एका बाजूला दीड मीटर, दुसऱ्या बाजूला दीड मीटर. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त जोर, तिथंच फ्लँज मोकळी.

आता सांगलीतलं हळदीचं गोदाम डोळ्यासमोर आणा. माळ्यावर एका गाळ्यात छतापर्यंत पोती रचलीत आणि दुसरा गाळा रिकामा. आपण म्हणतो, रिकाम्या बाजूला कसली भीती? माळ्याचं स्वतःचं वजन क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त पोत्यांचा परिणाम बघा. भरलेला गाळा खाली बसतो आणि त्याच्या ओढीनं रिकामा गाळा वर उचलला जाऊ पाहतो. त्या रिकाम्या गाळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत खालची फ्लँज दाबली जाते. ओझं एकाकडं आणि निसटण्याची भीती दुसऱ्याकडं. म्हणून अभ्यासात सर 'पॅटर्न लोडिंग' घ्यायला लावतात. ते मार्कांसाठी नसतं, पोती सारखी पसरून ठेवणारा हमाल जगात नसतो म्हणून असतं.

शून्य म्हणजे आधार नव्हे

आता तो प्रश्न, ज्यावर व्हायवात भलेभले अडकतात आणि ऑफिसात अनुभवी माणसंही वाद घालतात.

मधल्या खांबावर मोमेंट उलटा, गाळ्यात सुलटा. मध्ये कुठंतरी तो शून्य होणार. त्या जागेला पॉइंट ऑफ इन्फ्लेक्शन म्हणतात. आपल्या उदाहरणात तो मधल्या खांबापासून पाव गाळ्यावर. युक्तिवाद असा केला जातो की तिथं मोमेंट शून्य, म्हणून फ्लँजमध्ये दाब शून्य, म्हणून तिथं बीम जणू धरलेला आहे. मग मोकळी लांबी फक्त खांबापासून त्या बिंदूपर्यंतच धरा, दीड मीटर, आणि ब्रेसचा खर्च वाचवा.

ऐकायला गोड आहे, पण पटत नाही. दहीहंडीचे थर आठवा. एका गड्याच्या खांद्यावर त्या क्षणी कुणीच उभं नाही. म्हणून तो बाकीच्यांना धरून ठेवतोय, असं होतं का? त्याच्यावर भार नाही एवढंच खरं. तो स्वतः डुलू शकतो. बीमचंही तसंच. शून्य मोमेंटच्या जागी फ्लँजवर दाब नाही, पण तिला बाजूला सरकायला किंवा फिरायला कोणी अडवलेलं नाही. खांबाजवळची फ्लँज निसटली की ती त्या बिंदूलाही सोबत घेऊन जाते. आणि तो बिंदू काही लोखंडात कोरलेला नसतो. पोती इकडची तिकडं केली की बिंदू सरकतो. एका गाळ्यातली सगळी पोती काढली तर आपण पाहिलं, त्या रिकाम्या गाळ्यातून तो बिंदू जवळजवळ नाहीसाच होतो. जो आधार हमालानं पोतं उचलताच जागा सोडतो, त्याच्या भरवशावर छत ठेवायचं?

मग मोमेंट कमी होत जातो, याचा काहीच फायदा नाही का? आहे. सारख्या मोमेंटपेक्षा उतरत्या मोमेंटचा बीम जास्त तग धरतो. संहितेत त्यासाठी वेगळा गुणक आहे. स्लॅबनं वरची फ्लँज अशी पकडली असेल की बीमला फिरताच येत नाही, तर तोही फायदा हिशेबात घेता येतो. पण हा फायदा गुणकातून घ्यायचा. लांबी मोजायची ती खऱ्या ब्रेसपासून खऱ्या ब्रेसपर्यंत. दोन्हीकडून सूट घेतली की एकाच कुपनवर दोनदा जेवल्यासारखं होतं.

बर्नाबी, २३ एप्रिल १९८८

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर कॅनडात चला. व्हँकुव्हरला लागून बर्नाबी नावाचं शहर आहे. तिथल्या स्टेशन स्क्वेअर या व्यापारी संकुलात एका मोठ्या सुपरमार्केटचं उद्घाटन होतं. दुकानाच्या छतावर गाड्यांचं पार्किंग. दुकानात गर्दी, नवीन रंगाचा वास, स्वागताची गडबड. सकाळी मोठा आवाज झाला, छताजवळचा पाण्याचा पाइप फुटला आणि पाणी गळायला लागलं. लोकांना बाहेर काढायला सुरुवात झाली. काही मिनिटांतच छताचा मोठा तुकडा वरच्या वीसेक गाड्यांसह खाली आला. २१ जण जखमी झाले. कोणी दगावलं नाही, कारण लोखंडानं तुटण्याआधी हाक दिली आणि माणसांनी ती ऐकली.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. दोन गोष्टी समोर आल्या. निवडलेला बीम लागतो त्यापेक्षा हलका होता. आणि हा बीम खांबाच्या डोक्यावर टेकवून पुढं नेलेला होता, म्हणजे त्या जागी खालची फ्लँज दाबलेली, पण तिला बाजूनं धरणारं काहीच नव्हतं. वर छत होतं, ते वरच्या फ्लँजला धरून होतं. खाली, जिथं गरज होती, तिथं दोन बोटं नव्हती. खांबाच्या डोक्यावर बीमनं कूस बदलली आणि छत गेलं. या घटनेनंतर त्या प्रांतात आराखडे तपासण्याचे आणि इंजिनिअरच्या जबाबदारीचे नियम कडक झाले.

लक्षात घ्या, मोमेंटची आकृती कोणालाही काढता आली असती. चूक अवघड गणितात नव्हती. बीम साधा असल्यासारखं डोक्यात धरलं गेलं, की वरून धरला म्हणजे झालं. नेमकी हीच सवय आपल्याला परीक्षेत लागते, कारण पेपरातले बहुतेक बीम साधेच असतात.

वळवाचा वारा आणि पत्र्याची शेड

डाव उलटवणारा आणखी एक गडी आपल्या ओळखीचा आहे. वळवाचा पाऊस यायच्या आधी सुटणारा वारा. एप्रिल-मे मध्ये पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी याच पेपरात वाचता.

वारा छतावरून वाहतो तेव्हा पत्र्याला वर ओढतो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. आणि वारा? संहितेत पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी साधारण १४० किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९१२ न्यूटन होतो, म्हणजे ९३ किलोच्या वजनाएवढा. छताच्या उतारानुसार आणि जागेनुसार तो कमी-जास्त होतो, तरी चार-पाच किलोचा पत्रा त्याला काय पुरणार? छताच्या पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, आता खालून वर वाकतात. रोजच्या दिवशी त्यांची वरची बाजू दाबली जायची, तिला पत्रा धरून होता. वाऱ्यात खालची बाजू दाबली जाते आणि तिथं पत्रा नाही. म्हणून पर्लिनना मधून आडव्या सळ्यांनी, म्हणजे सॅग रॉडनी, एकमेकींशी बांधतात. त्या सळ्या खालच्या बाजूला धरतात की फक्त वरच्या, हे बघणं महत्त्वाचं.

पुणे-बेंगळुरू हायवेनं साताऱ्याकडे येताना शिरवळला मोठमोठ्या शेड दिसतात. तशाच कुपवाडला, मिरजेला, कराडजवळ तासवडेला. अशा एखाद्या शेडमध्ये इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात तर मशिनचे फोटो काढून झाल्यावर मान वर करा. खांब आणि छताचा तिरका बीम जिथं मिळतो, त्या कोपऱ्याजवळ बीमच्या खालच्या फ्लँजपासून वर पर्लिनकडे गेलेला एक छोटा तिरका अँगल शोधा. तो फ्लँज ब्रेस. त्या कोपऱ्याजवळ, रोजच्या भाराखालीसुद्धा, बीमची आतली फ्लँज दाबलेली असते. मधल्या खांबावर जे होतं, तेच इथं. तो हातभर अँगल नसेल तर सगळी शेड त्या फ्लँजच्या मर्जीवर उभी आहे.

दोन बोटांचा हिशेब

मग हा ब्रेस केवढा लागतो? इथं खरी गंमत आहे. आपल्या आयएसएमबी ३०० च्या फ्लँजमध्ये पूर्ण ताकदीच्या वेळी साधारण ५१५ किलोन्यूटनचा दाब असतो, म्हणजे ५० टनांहून जास्त. तिला बाजूला पळू न देण्यासाठी लागणारा जोर मात्र संहितेप्रमाणे या दाबाच्या २.५ टक्के धरतात. म्हणजे सुमारे १३ किलोन्यूटन, सव्वा टनाच्या आसपास. निसटायला लागलेल्याला थोपवणं कठीण असतं, पण निसटायच्या आधी धरून ठेवायला फार ताकद लागत नाही.

५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो. दीड मीटरचा तुकडा म्हणजे सात किलोच्या आत. सहा मीटरचा बीम २६५ किलोचा. सात किलोंनी २६५ किलोंची ताकद दुप्पट होते. एवढं स्वस्त काम शेडमध्ये दुसरं सापडणार नाही.

पण दोन अटी. पहिली, ब्रेस ताठ हवा. भोकात खुळखुळणाऱ्या बोल्टवर लटकलेला अँगल बीम हलल्यानंतर जागा होतो, तोवर उशीर झालेला असतो. दुसरी, ब्रेसचं दुसरं टोक कशाला तरी पक्कं धरलेलं हवं. दोन बीम फक्त एकमेकांना आडव्या अँगलनं बांधले आणि दोघांनाही कोणी धरलं नाही, तर दोघं हातात हात घालून एकाच दिशेला जातात. म्हणून शेवटी कुठंतरी फुलीचं ब्रेसिंग किंवा स्लॅब लागतोच. सलग बीम खांबावरून जातो त्या जागी तर त्याला फिरूच द्यायचं नाही. खालच्या फ्लँजला बाजूनं धरा आणि वेबला दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या, म्हणजे स्टिफनर, वेल्ड करा.

साइटवर गेल्यावर

डिग्री झाल्यावर तुमच्यातले बरेच जण ट्रेनी म्हणून साइटवर जाल. ड्रॉइंग बनवणारा लांब शहरात, ठेकेदाराला घाई, आणि तिथं हजर एकटे तुम्ही. तेव्हा तीन प्रसंग हमखास येतील.

पहिला, उभारणीचा. डिझाइनमध्ये धरलेला स्लॅब अजून ओतलेला नाही. म्हणजे ज्याच्या भरवशावर बीमची वरची फ्लँज सुरक्षित मानली, तो आधारच आज जागेवर नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मार्सी इथं १० ऑक्टोबर २००२ रोजी पादचारी पुलावर काँक्रीट ओतत असताना अख्खा गर्डर पिळवटून कोसळला. एक कामगार गेला, नऊ जखमी झाले. गर्डर वरून उघडा होता आणि वरच्या फ्लँजना पूर्ण लांबीत बांधणारं ब्रेसिंग नव्हतं. काँक्रीट सुकलं असतं तर पूल उभा राहिला असता. प्रश्न त्या मधल्या काही तासांचा होता. म्हणून 'स्लॅब झाल्यावर सगळं पक्कं होईल' असं कोणी म्हणालं, तर विचारा, तोवर काय?

दुसरा, कापायचा. फोर्कलिफ्टला आडवा येतो, डक्ट जात नाही, बोर्ड लावायचाय, म्हणून कोणीतरी गॅस कटर घेऊन तो छोटा तिरका अँगल कापायला निघेल. 'एवढ्यानं काय होतंय' हे वाक्य कानावर येईल. तो अँगल एवढासाच असतो, कारण त्याचं काम एवढंसंच असतं. पण ते काम दुसरं कोणी करत नसतं. त्याला कापायचं असेल तर डिझाइनरची लेखी परवानगी घ्या आणि आधी दुसरा बसवा.

तिसरा, ड्रॉइंगमध्येच ब्रेस नसण्याचा. तुम्ही ज्युनिअर, विचारायला संकोच वाटेल. तरीही सलग बीम असेल तिथं एकच प्रश्न विचारा: 'सर, मधल्या खांबावर खालच्या फ्लँजला कोणी धरलंय?' उत्तर गणितात असेल तर ते तुम्हाला दाखवतील आणि तुम्ही काहीतरी शिकाल. उत्तर 'तिथून पुढं मोमेंट शून्यच होतो' असं आलं, तर पोत्यांची गोष्ट सांगा.

पोरांनो आणि पोरींनो, बीम बघताना आपली नजर आपोआप वर जाते, स्लॅबकडे, पत्र्याकडे. जिथं बीम खांबावरून सलग पुढं जातो, तिथं खांबाजवळ जाऊन उभे राहा आणि खालच्या फ्लँजकडे बघा. तिला दोन्ही बाजूंनी कशानं धरलंय ते शोधा. सापडलं तर बिनधास्त पुढं जा. नाही सापडलं, तर पोती चढायच्या आधी विचारा.